दादांची छत्री

आम्ही लेखक झालों तें वयाच्या ६१ व्या वर्षीं, आणि तेंहि स्वतःच्या कर्तृत्वानें नव्हे, नातवाच्या. जिल्हा परिषदेच्या शाळांतून ३८ वर्षें खडूची भुकटी पोटांत घालून २०१८ सालीं आम्ही निवृत्त झालों, तेव्हां निरोपाच्या समारंभांत आम्हांस शाल, श्रीफळ आणि "आतां आपल्या अनुभवाचा लाभ समाजास द्यावा" असा उपदेश, अशा तीन वस्तु मिळाल्या. श्रीफळाची दुसऱ्याच दिवशीं बर्फी झाली. शाल कुटुंबानें पेटींत घातली. उपदेश तेवढा आमच्याकडे शिल्लक राहिला. तीन वर्षें आम्ही ओसरीवर बसून समाजाची वाट पाहिली. कोणी आलें नाहीं. शेवटीं २०२१ च्या दिवाळींत पुण्याहून आलेला आमच्या मुलीचा मुलगा आमचा मोबाइल हातांत घेऊन म्हणाला, "आजोबा, तुम्ही घरांत दिवसभर जें बोलत असतां तेंच येथें लिहीत जा. जगांत कोठेंहि वाचतां येईल. शिवाय घरांतल्यांनाहि बरें पडेल." या बोलण्याच्या शेवटच्या वाक्याकडे आम्हीं त्या वेळीं लक्ष दिलें नाहीं.

वास्तविक वाशीमच्या मनुष्यास लेखक होण्यासाठीं नातवाची शिफारस लागूं नये. राजशेखरानें सुमारें अकराशें वर्षांपूर्वीं आपल्या काव्यमीमांसेंत सांगितलेली कथा आम्ही दर वर्षीं वर्गांत सांगत असूं. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष एकदां आईवर रुसून घरांतून निघून गेला. प्रेमासारखें दुसरें बंधन नाहीं असा विचार करून गौरीनें साहित्यविद्या नांवाची वधू निर्माण केली व तिला त्याच्या मागें धाडलें. तो पुढें, ती मागें. पूर्वदेश झाला, पांचाल झाला, अवंति झाली. ती प्रत्येक देशीं नवा वेष करी, नवें नृत्य करी, नव्या रीतीनें बोले. आणि स्वारीचा राग थोडा थोडा उतरत दक्षिणेस आल्यावर पुरता निवळला. मग विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत दोघांचा गांधर्वविधीनें विवाह झाला. हें वत्सगुल्म म्हणजेच आमचें वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. येथल्या सर्वसेन राजानें प्राकृतांत 'हरिविजय' नांवाचें काव्य रचलें होतें. तें आज उपलब्ध नाहीं, पण आनंदवर्धनासारख्या मोठ्या साहित्यशास्त्र्यानें त्याचा आदरानें निर्देश केला आहे. येथवर सांगून आम्ही छाती पुढें काढीत असूं, तोंच मागच्या बांकावरून प्रश्न येई, "गुरुजी, लग्न कोणत्या मंगल कार्यालयांत झालें?"

तात्पर्य, स्थानमाहात्म्य आमच्या बाजूस होतें. यंत्र मात्र नव्हतें. बोरूनें कित्ता गिरवून पुढें बॉलपेनापर्यंत आलेल्या बोटांनीं गुळगुळीत कांचेवर अक्षरें टिपणें म्हणजे ओल्या फरशीवरून मोहऱ्या वेंचण्यापैकींच. शिवाय हें यंत्र अतिशहाणें. आपण शब्द अर्धा लिहावा, तों हें पुढचा सुचवितें. प्रत्येक वर्गांत असा एक विद्यार्थी असतोच, जो गुरुजींचें वाक्य त्यांच्या तोंडून काढून घेतो आणि बहुधा चुकीचें पुरें करतो. "निवृत्तीपासून आमच्या घरीं शांति नांदते" असें आम्हीं लिहिलें. यंत्रानें शांतीची शांता केली. आम्ही चष्मा न लावतां बटण दाबून मोकळे झालों. तें वाक्य अमरावती, नाशिक, इंदूर येथल्या सर्व नातलगांनीं वाचलें, आणि "या शांताबाई कोण?" हा प्रश्न आमच्या घरीं आठ दिवस निरनिराळ्या स्वरांत विचारला गेला. असो. न्यायानें बोलावयाचें तर १९९१ सालीं युनिकोड नांवाच्या संकेतांत देवनागरीस जागा मिळाली, म्हणून वाशीमच्या ओसरीवर लिहिलेला ळ न्यू जर्सीच्या भाचीसहि ळच दिसतो, चौकोन दिसत नाहीं. हे उपकार शांताबाईंपेक्षां मोठे आहेत.

काय लिहावें हा प्रश्न फार दिवस राहिला नाहीं. आरंभीं आम्हीं सुभाषितांवर निरूपण लिहिलें. तें तिघांनीं वाचलें. पैकीं एक आम्हीच. पुढल्या गुरुवारीं, कुटुंब माहेरीं गेलें असतां आम्हीं पिठलें कसें करपविलें तें लिहिलें, तर एका रात्रींत चाळीस जणांचे निरोप आले. वडिलांजवळ बसून पाठ केलेला अमरकोश आणि आमच्या घरीं जिला अजून मॅट्रिकच म्हणतात ती परीक्षा, एवढी आमची विद्वत्ता. पण जी होती तिची किंमत आम्हांस त्या रात्रीं कळली. त्या दिवसापासून आम्ही घरचेंच लिहूं लागलों.

विनोदाच्या बाबतींतहि आमची बाजू भक्कम होती. मराठींतला आधुनिक विनोद पुण्या-मुंबईकडे नांदावयास गेला असला तरी त्याचें माहेर आमच्याकडलें. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १८७१ सालीं नागपुरास जन्मले आणि वकिली त्यांनीं आमच्या वऱ्हाडांत केली. अकोला, खामगांव, जळगांव-जामोद येथल्या कज्जेदलालीच्या धकाधकींतून वेळ काढून त्यांनीं १९०२ पासून विनोदी लेख लिहिले. 'सुदाम्याचे पोहे' १९१० सालीं पुस्तकरूपानें आले, तेव्हां त्यांस 'अठरा धान्यांचें कडबोळें' असें दुसरें नांव त्यांनीं स्वतःच दिलें होतें. गडकरी त्यांस गुरु मानीत. आमच्या वडिलांच्या कपाटांत हें पुस्तक होतें, त्याचें मुखपृष्ठ वाळवीनें खाल्लें होतें, आणि तें दादा आम्हांस मोठ्यानें वाचून दाखवीत. दादा आमच्याहून आठ वर्षांनीं वडील. वाचतां वाचतां त्यांस स्वतःलाच हंसूं आवरत नसे, म्हणून निम्मे पोहे आम्हांस कधीं ऐकूं आलेच नाहींत.

हे दादाच आमच्या लिखाणाचे नायक झाले. तीन पिढ्यांचें एका स्वयंपाकघराचें आमचें घर; विषयांची वाण नव्हती; परंतु इतर माणसें हातचीं राखून वागत. सुना तर आम्ही मोबाइल हातांत घेतला कीं कुजबुजत. दादा मात्र बंगईवर बसून मोकळेपणीं वेंधळेपणा करीत. टपालखात्यांत बचतीच्या खिडकीवर जन्म गेलेला हा मनुष्य. पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ. आणि आतां चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा घरभर शोधी. चहाचा पेला खालीं ठेवतां ठेवतां विचारी, "आज चहा व्हावयाचा आहे का?" हें आम्हीं लिहीत गेलों. लोक वाचीत गेले.

त्यांत 'छत्री' हा लेख फार गाजला. गोष्ट २०२२ च्या श्रावणांतली. दादा शनिवारीं बालाजीच्या दर्शनास गेले ते छत्री घेऊन परत आले. पाहतों तों छत्री आमची नव्हे. दुसऱ्या दिवशीं ती जिची तिला द्यावी म्हणून घेऊन गेले, ते तिसरीच घेऊन आले. सोमवारीं ती परत करण्यास गेले आणि मुठीस मोर कोरलेली एक बायकी छत्री घरीं आली. आठवड्याच्या शेवटीं ओसरीवर चार परक्या छत्र्या ओळीनें वाळत होत्या, त्यांचे मालक पाळीपाळीनें येऊन चहा घेऊन जात होते. आणि आमच्या घरची छत्री पहिल्या दिवसापासून खुंटीवर होती. दादांनीं ती नेलीच नव्हती. आम्हीं लेखाचा शेवट केला होता तो असा, कीं आतां पाऊस पडो न पडो, या घरांत कोणी भिजणार नाहीं.

आपलें लिखाण आपल्यापुढें कसें धांवतें याचा अनुभव तेव्हां आला. कोणीतरी तो लेख उचलून आपल्या मंडळींस पाठविला, त्यांनीं त्यांच्या. महिन्याभरानें इंदूरच्या आमच्याच एका चुलतबहिणीनें तो आम्हांसच धाडला, "वाचून पहा, तुम्हांला असें लिहितां येईल का?" या शेऱ्यासह. आमचें नांव वाटेंत कोठें गळून पडलें होतें. अमरावतीस एका लग्नांत म्हणे तो मोठ्यानें वाचला गेला. वाशीमांत तर दादांस कोणी टपालवाले म्हणेना, 'छत्रीवाले दादा' म्हणूं लागले. देवळाच्या पायरीवर ओळखीचीं माणसें विचारीत, "दादा, आज कितवी?" दादा हंसत. आम्हांस मोठी धन्यता वाटे.

एका रात्रीं अंथरुणें घालतां घालतां आमच्या कुटुंबानें विचारलें, "लोक हंसतात तें तुम्हांला, कीं दादांना?"

"विनोदाला," आम्हीं उत्तर दिलें. शिक्षकी पेशांत तयार उत्तराची संवय लागते. ती पुढें कांहीं बोलली नाहीं, पण वहिनींनींहि अलीकडे आमचें लिखाण वाचणें सोडलें आहे असें तिच्याकडून कळलें. आम्हीं तें मनावर घेतलें नाहीं. पुढल्या गुरुवारीं आम्हीं 'दानशूर' नांवाचा लेख लिहिला. दादांनीं तीस रुपयांची मेथी घेऊन भाजीवालीस पांचशेंची नोट दिली आणि उरलेले पैसे न घेतां चालूं लागले. ती बिचारी धांवत घरीं आली. महिन्यांत तीन वेळां असें झालें. जन्मभर पैसापैसा जुळवून दिल्याशिवाय खिडकी बंद न करणाऱ्या मनुष्याच्या अंगीं म्हातारपणीं कर्णाचा संचार झाला, असा त्या लेखाचा मथितार्थ होता.

२०२४ च्या मार्गशीर्षांत दादा नेहमींप्रमाणें पद्मतीर्थाकडे फिरावयास गेले आणि दिवेलागणीस परतले नाहींत. सात वाजले, आठ वाजले. मुलें दुचाकी घेऊन चहूंकडे गेलीं. थंडी पडली होती आणि त्यांच्या अंगांत नुसता सदरा. वहिनी देवापुढें बसून होत्या. त्या जप करीत नव्हत्या, नुसत्या बसून होत्या. नऊच्या सुमारास एका अनोळखी मुलाचा फोन आला. अकोला नाक्यावर त्याची चहाची गाडी. एक म्हातारे गृहस्थ तासाभरापासून मंगरुळपीरची मोटार कोणती म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यास विचारीत आहेत. खिडकी बंद होण्याची वेळ झाली, रोकड जुळवावयाची राहिली आहे, असें म्हणतात. "छत्रीवाले दादाच ना हे? मीं वाचलें होतें. म्हणून नंबर शोधला."

दादा मंगरुळपिरास नोकरीस होते त्यास चाळीसहून अधिक वर्षें झालीं.

त्या मुलाचे आम्ही हात धरले. त्यानें पैसे घेतले नाहींत, "तुम्हीच लिहितां का तें? फार मजा येते," एवढेंच म्हणाला. आमचा लेख त्यानें वाचला नसता तर त्या रात्रीं काय झालें असतें, हें मनांत येतें. आणि तो लेख आम्हीं लिहिला नसता तर काय झालें असतें, हेंहि येतें. या दोन विचारांची वजाबाकी आम्हांस अद्याप साधलेली नाहीं.

अकोल्यास डॉक्टरांकडे गेलों. डॉक्टर तरुण, आमच्या मोठ्या सुनेच्या वयाचे. त्यांनीं पहिलाच प्रश्न विचारला, "हें कधींपासून होतें आहे?" आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. एकत्र कुटुंबांत हा एक दोष आहे. दहा माणसें रोज पाहतात म्हणून कोणीच पाहत नाहीं. वहिनी हळूच म्हणाल्या, "भावजींनीं सगळें लिहून ठेवलें आहे. तारखेसुद्धां."

सुनेनें मोबाइल पुढें केला. डॉक्टरांनीं दादांवरचे आमचे चौदाच्या चौदा लेख वाचले. आमच्या लिखाणास असा वाचक तोंपर्यंत मिळाला नव्हता. तो एकदांहि हंसला नाहीं. छत्रीशीं थोडा थांबला. चष्म्याचा लेख भराभर सारला. चष्मा कोठें ठेवला हें कोणीहि विसरतो, म्हणाला, चष्मा कशासाठीं असतो हें विसरूं लागलें म्हणजे काळजी करावी. 'दानशूर'पाशीं येऊन मात्र त्यानें तो दोनदां वाचला आणि तारीख कागदावर उतरून घेतली. हिशेबांत मुरलेल्या मनुष्याचा हिशेब सुटूं लागणें, ही खूण त्याच्या मतें सगळ्यांत मोठी होती. आम्हीं तेथेंच सर्वांत अधिक हंसविलें होतें. शेवटीं त्यानें बोटांवर मोजून सांगितलें, "निदान सव्वादोन वर्षें."

मग तपासण्या झाल्या. विसरण्याचें कारण नेहमीं एकच नसतें. थायरॉइडचा दोष किंवा बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव, जी आमच्यासारख्या शाकाहारी घरांतून पुष्कळदां आढळते, यांमुळेंहि स्मृति मंदावते, आणि तें असेल तर बरेंच सुधारतें. म्हणून म्हातारा माणूस विसरूं लागला कीं त्याच्यावर लेख लिहिण्यापूर्वीं रक्त तपासून घ्यावें. दादांची बी-१२ ची उणीव निघाली, इंजेक्शनें झालीं, थोडा फरकहि दिसला. पण मेंदूच्या चित्रांत जें दिसावयाचें तें दिसलेंच. १९०६ सालीं आल्झायमर नांवाच्या जर्मन वैद्यानें ज्याचें वर्णन प्रथम मांडलें तो हा विकार. यावर औषध आहे, पण मागें फिरविणारें नाहीं. वहिनींनीं डॉक्टरांस विचारलें, "सव्वादोन वर्षांपूर्वीं आलों असतों तर?" डॉक्टरांनीं "सांगतां येत नाहीं" म्हटलें. ते भले गृहस्थ होते. आम्ही खिडकीबाहेर पाहत होतों.

घरीं येऊन त्याच रात्रीं आम्हीं ते चौदा लेख काढून टाकले. नातवानें फोनवरून वाट दाखविली. परंतु आपल्या जागेवरून काढले म्हणजे जगांतून निघाले असें होत नाहीं, हें त्यानेंच सांगितलें. ज्यांनीं ज्यांनीं उचलून पुढें धाडले त्यांच्याकडे ते आहेतच. पूर्वींच्या मासिकांचें बरें होतें. महिना संपे, अंक रद्दींत जाई, आणि त्यांतल्या थट्टेंत शेंगदाणे बांधून मिळत. आतां रद्दीवाल्याचा तो उपकार राहिला नाहीं. काव्यपुरुष रुसून निघाला तेव्हां त्याच्या मागें धाडावयास गौरीस निदान एक वधू सुचली. आमच्या छत्रीच्या मागें आम्ही कोणास धाडावें?

त्या दिवसांत आम्हीं वाळवी लागलेले ते पोहे पुन्हां कपाटांतून काढले. सुदामा आपल्या मित्रांची, बंडूनानांची आणि पांडुतात्यांची, केवढी फजिती करतो! पण बंडूनाना कोणत्या आळींत राहतात? त्यांस देवळाच्या पायरीवर कोणी गांठून विचारूं शकत नाहीं. शिवाय तो सुदामा त्या फजितींत स्वतः गळ्यापर्यंत बुडालेला असतो. इतक्या वेळां ऐकलेल्या पुस्तकांतली ही साधी गोष्ट आमच्या ध्यानांत ६४ व्या वर्षीं यावी, आणि आम्हीं जन्मभर मुलांस भाषा शिकवावी! सहा महिने आम्हीं कांहीं लिहिलें नाहीं. घरांतल्यांस त्यानें बरें पडलें असें मात्र दिसलें नाहीं.

२०२५ च्या श्रावणांतली एक दुपार. बाहेर झड लागली होती. दादा बंगईवर, आम्ही खालीं चटईवर. दादा म्हणाले, "बापू, कांहीं वाच रे." आमचें नांव त्यांस बहुतेक दिवस आठवतें. चष्मा आणण्यास आम्ही उठलों, तों आमच्या आठ वर्षांच्या नातीनें आईचा मोबाइल घेऊन स्वतःच वाचावयास आरंभ केला. कोणाकडूनसा नुकताच आलेला निरोप होता. दोन ओळी ऐकतांच आमच्या छातींत धस्स झालें. 'छत्री'च होती, लेखकाचें नांव नाहीं, खालीं हंसऱ्या चेहऱ्यांची रांग. आम्ही तिला खूण करीपर्यंत दुसरी छत्री घरीं आली होती. दादांनीं बंगई थांबविली आणि कान दिला. मोराची मूठ आली तेव्हां त्यांचे खांदे हलूं लागले. चार छत्र्या ओळीनें वाळत पडल्या, तसे ते पोट धरून हंसले, अगदीं पूर्वीं पोहे वाचतांना हंसत तसे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माजघराच्या दारांत वहिनी येऊन उभ्या राहिल्या.

"कोण रे हा गृहस्थ?" दादांनीं डोळे पुशीत विचारलें. "आपल्या गांवचा का?"

नात तोंड उघडणार तों आम्हीं म्हटलें, "मीच तो, दादा."

दादांनीं आमच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलें. "तरीच," ते म्हणाले, "लहानपणापासून वेंधळाच तूं. मग, सांपडली का?"

"सांपडली."

"कोठें होती?"

"घरींच. खुंटीवर."

संध्याकाळीं झड थांबली, ऊन पडलें. आम्ही बालाजीस जावयास निघून पायांत वहाणा घालीत होतों. दादा बंगईवरून उठले, भिंत धरीत धरीत खुंटीपर्यंत गेले आणि छत्री काढून त्यांनीं आमच्या हातांत दिली. "आपलीच आण," म्हणाले.